झिजलेला गिअरबॉक्स आणि घरचा हिशेब

कुटुंबाच्या पानावर मुलांचे आजारपण, परीक्षेचा अभ्यास, घरखर्चाची काटकसर असे विषय नेहमी येतात. आज आम्ही जुन्या पिक-अप गाडीच्या गिअरबॉक्सवर लिहीत आहोत, याचे काही भगिनींना नवल वाटेल. पण ज्या घराची चूल गाडीच्या भाड्यावर पेटते, त्या घरात गिअरबॉक्स हा कुटुंबाचाच विषय असतो. आपल्या वस्त्यांतून अशी घरे कमी नाहीत. कोणी टेम्पो चालवतो, कोणी रिक्षा, कोणी दुसऱ्याच्या मालकीची पिक-अप. कर्जाचे हप्ते फिटतात न फिटतात तोच गाडी म्हातारी होते. मग एके दिवशी मिस्त्री फडक्याला हात पुसत म्हणतो, "गिअरबॉक्स गेला." या दोन शब्दांनी घराचे सहा महिन्यांचे गणित कोलमडते.

आमचेही कोलमडले होते. ते पुन्हा कसे जुळवले, कुठे चुकलो आणि काय शिकलो, ते सगळे येथे मांडत आहोत. यातली एक गोष्ट जरी एखाद्या घराच्या उपयोगी पडली तरी लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

कसारा घाटातली ती रात्र

आमच्या घरची गाडी २०११ सालची, सेकंड हँड घेतलेली. दादा ती चालवतात. टोमॅटोच्या हंगामात पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून क्रेट भरायचे, रात्री कसारा घाट उतरायचा आणि पहाटे वाशीच्या मार्केटला माल टाकायचा, हा नेहमीचा फेरा. भरलेली गाडी घाटात दुसऱ्या गिअरवर उतरवायची, हे दादा पहिल्या दिवसापासून पाळत आले आहेत.

उतारावर माल गाडीला पुढे ढकलत असतो. नुसत्या ब्रेकवर गाडी धरली तर ब्रेक तापतात आणि तापलेला ब्रेक पकड सोडू लागतो. म्हणून गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवायची. मग चाकांना इंजिन फिरवत उतरावे लागते आणि वेग आपोआप आवरला जातो. उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवतो म्हणणारे काही ड्रायव्हर असतात. ते डिझेल वाचवत नाहीत, जिवाशी खेळतात. गिअरमध्ये उतरणाऱ्या गाडीचे इंजिन चाकांच्या जोरावरच फिरत असते. अॅक्सिलरेटरवरून पाय काढलेला असला की त्या वेळी डिझेल जवळजवळ जात नाही.

त्या रात्री एका वळणावर दुसरा गिअर आपोआप सुटला. दांडा टणकन उडून न्यूट्रलला आला आणि गाडी एकदम हलकी होऊन धावू लागली. दादांनी ब्रेक दाबला, दांडा पुन्हा खेचला. गिअर आधी लागेना, करकर आवाज झाला, मग कसाबसा बसला. उरलेला घाट त्यांनी एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने गिअरचा दांडा दाबून धरत उतरवला. माल वेळेवर पोचला. दादा घरी आले तेव्हा काहीच बोलले नाहीत. वहिनींनी चहा पुढे ठेवला. तेव्हा एवढेच म्हणाले, "आता गाडी उभी करायची."

गाडी उभी करायची म्हणजे कमाई उभी करायची. शिवाय दोन महिन्यांवर पासिंग आले होते. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला ते दर वर्षी करावे लागते. तरीही दादांचे म्हणणे बरोबर होते.

बचत गटातला प्रश्न

पैसे बचत गटातून काढायचे ठरले. वहिनींनी बैठकीत २० हजारांची मागणी ठेवली, तेव्हा एका मावशींनी विचारले, "गिअरबॉक्स म्हणजे काय गं? एवढे पैसे कशात घालणार?" प्रश्न रास्त होता. गटाचा पैसा सगळ्यांच्या घामाचा. वहिनींना तेव्हा उत्तर देता आले नाही. घरी येऊन त्यांनी आमच्या पुतणीला बसवून घेतले. पुतणी आय.टी.आय.मध्ये मोटार मेकॅनिकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने आईला समजावले ते आम्हीही ऐकत बसलो.

ती म्हणाली, जाते आठवा. खुंटा कडेला असला तर जाते हलक्या हाताने फिरते, पण हात मोठा फेरा घेतो. खुंटा मध्याजवळ असता तर फेरा लहान झाला असता, पण जोर फार लागला असता. गिअरचे तसेच आहे. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे साधारण चार फेरे होतात तेव्हा मागे जाणाऱ्या शाफ्टचा एक फेरा होतो. वेग कमी, जोर जास्त. चढावर आणि भरल्या गाडीला हा जोर लागतो. मागे इंजिन असो वा ड्रायव्हर, ताकद तेवढीच असते. तिचा जोर करायचा की वेग, हे गिअरबॉक्स ठरवतो.

आत तीन मुख्य शाफ्ट असतात. इंजिनकडून क्लचमार्गे येणारा पहिला, मागे प्रोपेलर शाफ्टला जोडलेला दुसरा, आणि या दोघांच्या खाली असलेला काउंटर शाफ्ट. दातेरी चाके एकमेकांत कायम अडकलेलीच असतात. आपण दांडा हलवतो तेव्हा त्यांतले कोणते चाक शाफ्टला कुलूपबंद करायचे तेवढे ठरते. दोघांचा वेग जुळावा म्हणून मध्ये पितळेच्या रिंगा असतात, त्यांना सिंक्रो रिंग म्हणतात. ही युक्ती अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत १९२८ साली प्रथम आली. त्याआधी, आणि पुढेही जुन्या ट्रकांवर कित्येक वर्षे, ड्रायव्हरला दर वेळी डबल क्लच मारून वेग जुळवावा लागे. जुन्या ड्रायव्हरांना ते अजून आठवत असेल.

पुढच्या बैठकीत वहिनींनी जात्याचे उदाहरण देऊन सगळे सांगितले. मंजुरी मिळाली. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आम्ही गॅरेजमध्ये गेलो ते काय विचारायचे हे ठाऊक असताना गेलो.

आधी दुखणे ओळखा

दोन वर्षांपूर्वीचा अनुभव आमच्या पदरी होता. तेव्हा सगळेच गिअर जड पडू लागले होते, रिव्हर्स टाकताना खरखर होई. एका गॅरेजवाल्याने गाडीखाली न वाकताच "गिअरबॉक्स बदलावा लागेल" असे सांगून टाकले. दुसऱ्या एका वयस्क मिस्त्रींनी मात्र इंजिन बंद केले आणि गिअर टाकून पाहिले. सगळे गिअर लोण्यासारखे पडले. इंजिन चालू केले की जड. ते म्हणाले, "दुखणे क्लचचे आहे, गिअरबॉक्स साफ चांगला आहे." क्लच सिलेंडरमधले रबर गेले होते, क्लच पूर्ण सुटत नव्हता. काहीशे रुपयांत काम झाले. तेव्हाच आम्ही कानाला खडा लावला की कारण कळल्याशिवाय पाना लावू द्यायचा नाही.

म्हणून ही साधी कसोटी प्रत्येक गाडीवाल्या घरात माहीत असावी:

इंजिन बंद असताना गिअर सहज पडतात आणि चालू असताना पडत नाहीत, तर आधी क्लच तपासा.

इंजिनाचा आवाज वाढतो पण चढावर गाडीचा वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट घसरते आहे.

क्लच दाबल्यावरच घूं-घूं आवाज येतो, तर क्लचचे रिलीज बेअरिंग गेले आहे. ते गिअरबॉक्सच्या आतले नसते.

गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना गुरगुर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर गिअरबॉक्सच्या आतले बेअरिंग खराब आहे.

एकाच गिअरला, बहुधा दुसऱ्याला, टाकताना करकर होते, तर त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजली आहे.

इतर गिअरमध्ये घरघर येते आणि चौथ्यात थांबते, तर काउंटर शाफ्टकडे संशय धरा. अशा बहुतेक गाड्यांत चौथ्या गिअरला पहिला आणि दुसरा शाफ्ट थेट जोडला जातो. काउंटर शाफ्ट फिरतो, पण त्याच्यावर भार नसतो.

गिअर आपोआप सुटतो, तर आधी गिअरबॉक्सखालचे रबरी माउंटिंग तुटले आहे का ते पाहा. ते चांगले असेल तर आतले दात, फोर्क किंवा स्प्रिंग-गोळी यांत दोष आहे. या दोषाची गाडी घाटात अजिबात नेऊ नका.

आमच्या गाडीला शेवटची तिन्ही लक्षणे होती. माउंटिंग शाबूत होते. म्हणजे या खेपेस दुखणे खरेच आतले होते.

तीन वाटा

गिअरबॉक्स गेला म्हणजे तीन वाटा असतात. आहे तोच उघडून बेअरिंग, सिंक्रो रिंगा आणि सील बदलणे ही पहिली. मोडीत निघालेल्या गाडीचा चांगला गिअरबॉक्स आणून बसवणे ही दुसरी. नवा कोरा आणणे ही तिसरी. तिसरी आमच्या आवाक्याबाहेर होती. म्हाताऱ्या गाडीत तेवढा पैसा घालणे शहाणपणाचेही नव्हते.

पहिल्या आणि दुसऱ्या वाटेतली निवड गिअरबॉक्स उघडल्याशिवाय करू नये. आमच्या मिस्त्रींनी तो उतरवून उघडला आणि दादांना, वहिनींना समोर बसवून एकेक भाग दाखवला. ऑइल काढायच्या बोल्टच्या लोहचुंबकावर राखाडी चिखलासारखा बारीक चुरा असतोच, तो नेहमीचा. पण आमच्या चुंबकावर पोलादाचे कपचे होते आणि ऑइलमध्ये पितळेची पिवळी कणी चमकत होती. दुसऱ्या गिअरचे कुलूपाचे दात गोल झाले होते, काउंटर शाफ्टच्या दातांवर खड्डे पडले होते. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे बेअरिंगची बाहेरची कडी कवचातच फिरून फिरून तिथले घर सैल झाले होते. मिस्त्री म्हणाले, "नवे बेअरिंग टाकले तरी ते घरात बसणार नाही. सुटे भाग घेत बसलात तर त्या पैशात दुसरा गिअरबॉक्स येईल." नुसत्या रिंगा आणि बेअरिंग गेले असते तर आम्ही दुरुस्तीच केली असती. कवचच गेल्यावर बदलण्यावाचून इलाज नव्हता.

जुन्या बाजारात

दादा आणि पुतणी पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला गेले आणि कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात हिंडले. जाण्याआधी पुतणीने जुन्या गिअरबॉक्सची सगळी मापे कागदावर उतरवून घेतली होती. पहिल्या शाफ्टची लांबी, त्यावरच्या उभ्या दातांची संख्या, इंजिनला जोडणाऱ्या बोल्टच्या भोकांची मांडणी, मागच्या फ्लँजचा आकार, स्पीडोमीटरच्या केबलची जागा आणि कवचावरचा नंबर. बाहेरून सारखे दिसणारे दोन गिअरबॉक्स आतून वेगळे असू शकतात. एकाच कंपनीच्या गाडीत साल बदलले की दात बदलतात, आणि मग क्लच प्लेट शाफ्टवर बसत नाही.

पहिल्या दुकानदाराने माल चांगला दाखवला, पण बिल द्यायला नकार दिला. पुतणी म्हणाली, "बिल नाही तर नको," आणि दोघे उठले. हे आम्ही मुद्दाम सांगतो. गाडीच्या आर.सी.वर इंजिन आणि चॅसिस नंबर असतात, गिअरबॉक्सचा नसतो. त्यामुळे गिअरबॉक्स बदलला म्हणून आर.सी. बदलावी लागत नाही. पण चोरीच्या गाडीचे भागही अशाच बाजारांतून फिरतात. उद्या कोणी विचारले तर आपल्या हातात कागद पाहिजे. गरिबाला संशयाचा फायदा मिळत नाही, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

तिसऱ्या दुकानात हवा तसा गिअरबॉक्स मिळाला. पुतणीने तो पालथा-उताणा करून तडा किंवा वेल्डिंगची खूण आहे का ते पाहिले. प्रत्येक गिअर टाकून शाफ्ट हाताने फिरवला. कुठे अडकतो, खरखरतो का ते बोटांनी जोखले. शाफ्ट वर-खाली हलवून सैलपणा पाहिला. आतल्या ऑइलचा वास घेतला. जळकट वास म्हणजे गिअरबॉक्स तापलेला. दुकानदार आधी हसत होता, मग स्वतःच दुसरा पुढे करून म्हणाला, "ताई, हा बघा, हा जास्त चांगला आहे." २३ हजारांना सौदा झाला. बिलावर कवचाचा नंबर लिहून घेतला आणि सात दिवसांत आवाज आला तर बदलून देण्याची ओळही. मुंबईहून रिकाम्या परतणाऱ्या ओळखीच्या टेम्पोत तो गावी आला.

उतरवणे आणि चढवणे

हे काम घरी करा असे आम्ही म्हणत नाही. गिअरबॉक्सचे वजन जवळजवळ सिमेंटच्या पोत्याएवढे असते आणि ते पाठीवर झोपून, छातीच्या वर असताना सोडवायचे असते. पण मिस्त्री काय करतो आहे हे मालकाला कळले पाहिजे. म्हणून क्रम सांगतो.

गाडी सपाट जागेवर, चाकांना उटी लावून, पक्क्या लोखंडी स्टँडवर घ्यावी. नुसत्या जॅकवर किंवा विटांच्या चवडीवर उचललेल्या गाडीखाली कोणालाही, अगदी मिस्त्रीच्या हाताखालच्या पोरालाही, जाऊ देऊ नये. बॅटरीची तार आधी काढावी. केबिनमधून गिअरचा दांडा काढावा, ऑइल रिकामे करावे. प्रोपेलर शाफ्ट सोडण्याआधी दोन्ही फ्लँजवर रंगाची एक रेघ ओढावी आणि बसवताना रेघेला रेघ जुळवावी, नाही तर गाडी थरथरू शकते. मग स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्सच्या दिव्याची तार, क्लच सिलेंडर आणि स्टार्टर सोडवावे.

गिअरबॉक्स निघाला की इंजिनचा मागचा आधार जातो. म्हणून इंजिनखाली लाकडी फळी ठेवून दुसरा जॅक लावावाच लागतो. गिअरबॉक्स सरळ मागे ओढून काढायचा असतो. अर्धवट काढून शाफ्टवर लोंबकळत ठेवला तर क्लच प्लेट वाकते.

गिअरबॉक्स बाहेर असताना क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हीलमधले लहान बेअरिंग पाहून घ्यावे. इंजिनचे मागचे सीलही तपासावे. फ्लायव्हीलवर चरे असतील तर ते लेथवर साफ करून घ्यावे. हे काम नंतर निघाले तर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते. आम्ही तो खर्च टाळायचा विचार करत होतो. मिस्त्रींनी झिजलेली प्लेट हातात दिली तेव्हा गप्प बसलो.

बसवताना क्लच प्लेट जुन्या शाफ्टने मधोमध धरावी आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळावेत. गिअरबॉक्स इंजिनला चिकटेपर्यंत हाताने सरकला पाहिजे. फट उरली आणि ती बोल्ट आवळून मिटवली, तर कवचाचा कान तुटतो. आमच्याकडे दोन वेळा अडला. मिस्त्रींनी दोन्ही वेळा मागे घेऊन पुन्हा लावला. तिसऱ्यांदा "टक्" करून बसला, तेव्हा सगळ्यांनीच श्वास सोडला.

शेवटी ऑइल. कंपनीच्या पुस्तकात सांगितले असेल तेच घालावे. जी.एल.-४ सांगितले असताना दुकानात आहे म्हणून जी.एल.-५ घेऊ नये. मागच्या एक्सलला चालणाऱ्या जी.एल.-५ ऑइलमधली काही रसायने सिंक्रोच्या पितळेला बाधू शकतात. ऑइल बाजूच्या भोकातून बाहेर येऊ लागेपर्यंत भरावे, अंदाजाने नाही. पहिली फेरी रिकामी मारावी. साधारण ५०० किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासावेत आणि हजारभर किलोमीटरनंतर ऑइल एकदा बदलावे.

चूक आमचीच

जुना गिअरबॉक्स का गेला, हा प्रश्न वहिनींनी मिस्त्रींना विचारला. मिस्त्रींनी मागच्या सीलकडे बोट दाखवले. तिथून ऑइल गळत होते. एका वेळी थेंबच, पण कित्येक महिने. गिअरबॉक्समध्ये पंप नसतो. खालचा शाफ्ट ऑइलमध्ये बुडून फिरतो आणि वर शिंतोडे उडवतो, त्यावरच वरची बेअरिंग जगतात. ऑइल खाली गेले की ती कोरडी चालतात. अंगणात गाडी उभी राहते तिथे काळा डाग पडत होता. आम्ही रोज तो पाहत होतो आणि त्यावर माती टाकत होतो.

ते सील काहीशे रुपयांचे. वेळेवर बदलले असते तर बहुधा ही वेळ आली नसती. गाडीपुढे लिंबू-मिरची बांधणारे शेजारी आम्हाला ठाऊक आहेत. आम्ही ती बांधत नाही याचा आम्हाला अभिमान होता. पण लिंबू न बांधणे हे अर्धेच काम झाले. वाकून गाडीखाली पाहणे हे उरलेले अर्धे काम. ते आम्ही केले नव्हते.

दुसरी चूक जादा मालाची. हंगामात व्यापारी म्हणतो, "अजून दहा क्रेट टाक," आणि आपण टाकतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून जादा वजनाला २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. पण पोलिसांनी पकडले नाही तरी गिअरचे दात आणि बेअरिंग त्या दहा क्रेटची किंमत हळूहळू वसूल करतातच.

हिशेब

गिअरबॉक्स २३,००० रुपये. क्लचचा संच ६,५००. फ्लायव्हीलचे लेथकाम ८००. सील, एक बेअरिंग, रबरी माउंटिंग आणि ऑइल मिळून ३,१००. मजुरी ४,०००. एकूण ३७,४००. जुना गिअरबॉक्स भंगारात २,४०० ला गेला. निव्वळ खर्च ३५,०००. त्यातले २० हजार बचत गटाचे आणि १५ हजार घराच्या पत्र्यांसाठी ठेवलेले. पत्रे पुढच्या वर्षावर गेले. गटाचे हप्ते ठरल्याप्रमाणे चालू आहेत. गाडी सहा दिवस उभी राहिली, पण पासिंग झाले.

गाडीत आता एक वही असते. ऑइल केव्हा घातले, सील केव्हा बदलले, मीटर किती होते, हे पुतणी लिहिते. दर रविवारी सकाळी वहिनी गाडीखाली जुन्या पुठ्ठ्याचा तुकडा सरकवतात आणि दुपारी काढून पाहतात. पुठ्ठा कोरा निघाला की चहा होतो. मागच्या महिन्यात एक थेंब दिसला. दादा म्हणाले, "फेरा मारून आलो की बघू." वहिनींनी किल्ली दिली नाही. आधी मिस्त्रींना बोलावले. बोल्टखालचा वॉशर बदलायचा होता, तो बदलला आणि मगच गाडी बाजाराकडे निघाली.

वाचकहो, घरातला कर्ता माणूस रात्री घाटात असतो, तेव्हा घरच्यांच्या हाती फारसे काही नसते. जे हाती असते ते गाडी अंगणात उभी असताना असते. तेवढे तरी आपण करू या. आज संध्याकाळी गाडी घरी आली की एकदा खाली वाकून पाहा.